खंदकापलीकडचा माणूस

शत्रूसैनिक माणूस म्हणून पडद्यावर दिसू लागला की युद्धखोरांना तो धोका का वाटतो? ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या १९३० च्या अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

शिक्षकाच्या भाषणाने भारावून वर्गातून सैन्यात गेलेला पॉल हा जर्मन तरुण, तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि त्या मरणाऱ्या माणसाशेजारी रात्रभर अडकून पडतो. मृताच्या खिशात बायकामुलीचे छायाचित्र निघते. रेमार्क यांच्या मूळ कादंबरीत हा सैनिक छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार आहे. म्हणजे ज्याला वैरी ठरवले, तो श्रमावर जगणाराच निघाला.

डिसेंबर १९३० मध्ये बर्लिन येथे गोबेल्सच्या अनुयायांनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडून खेळ उधळला. आठवड्याभरात चित्रपटावर बंदी आली. आणि ती घातली लोकशाही प्रजासत्ताकाच्या परीक्षण मंडळाने! झुंडशाहीपुढे प्रजासत्ताक नमले. १९३३ मध्ये तीच झुंड सत्तेवर आली आणि रेमार्क यांची पुस्तके जाळली गेली.

ज्याँ रेन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्युझियों’ (१९३७) या फ्रेंच चित्रपटात एक जर्मन शेतकरी विधवा दोन पळपुट्या फ्रेंच कैद्यांना आसरा देते. नवरा आणि भाऊ ज्या लढायांत पडले, त्यांना ती जर्मनीचे थोर विजय म्हणते. घरातले जेवणाचे टेबल मात्र आता फार मोठे झाले आहे. विजयाचा खरा खर्च कोणाच्या नावे पडतो, हे याहून स्पष्ट कोणत्या अंदाजपत्रकाने सांगितले आहे? नाझी जर्मनीने या चित्रपटावर बंदी घातली आणि युद्ध पेटल्यावर फ्रान्सनेही.

अशा चित्रपटांमुळे आक्रमक आणि आक्रमित यांतील भेद पुसला जातो, हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. आक्रमकाचे अश्रू दाखवून त्याने जाळलेले गाव झाकणारा चित्रपट ही फसवणूकच होय. परंतु पॉलच्या हातातील सुरी चित्रपट लपवत नाही. सैनिकाची माणुसकी मान्य केल्याने त्याला लढायला धाडणाऱ्या राजवटीचा गुन्हा माफ होत नाही. उलट तो अधिक उघडा पडतो.

या चित्रपटांनी १९३९ चे युद्ध थांबवले नाही, हे खरे. चित्रपटाकडून तेवढी अपेक्षा करणेही भाबडेपणाचे ठरेल. पण युद्धज्वर चढलेला असताना समोरच्याच्या खिशातही घरचे छायाचित्र असते, हे जाहीरपणे सांगायला संघटित माणसे लागतात. अभ्यासमंडळांतून आणि शिबिरांतून हे चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडवणे, हे म्हणूनच कार्यकर्त्यांचे काम आहे.