केळं, विटा आणि करदात्याचा हक्क

न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात २० नोव्हेंबर २०२४ रोजी, राखाडी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलेलं एक केळं ५२ लाख डॉलरच्या बोलीला गेलं. लिलावगृहाचं शुल्क धरून आकडा ६२ लाखांच्या वर, म्हणजे त्या वेळच्या दराने बावन्न कोटी रुपयांहून जास्त. इटालियन कलावंत मॉरिझिओ कॅटेलानची ही कृती, नाव ‘कॉमेडियन’. ती घेणारे क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी नऊ दिवसांनी हाँगकाँगच्या एका हॉटेलात पत्रकारांसमोर ते केळं खाऊन टाकलं. संकल्पनात्मक कलेचा विषय निघाला की तेव्हापासून हेच उदाहरण पुढे येतं आणि दोनच सूर लागतात. एक म्हणतो, ही श्रीमंतांची थेरं आहेत. दुसरा म्हणतो, तुम्हाला कला कळत नाही. पहिल्याची ऐकून घ्यायची तयारी नसते, दुसऱ्याची समजावून सांगायची. माझं म्हणणं या दोघांहून वेगळं आहे. अशी कला सार्वजनिक पैशाने विकत घेतली जावी, असं मला मनापासून वाटतं. आणि ती घेणाऱ्यांनी लोकांना चोख हिशेब द्यावा, हेही तितक्याच मनापासून वाटतं.

१. पैसा कोणाचा, ते आधी पाहा.

त्या केळ्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही गेला नाही. २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात याच कृतीच्या प्रती १ लाख २० हजार डॉलरपासून पुढे विकल्या गेल्या, तेव्हाही गेला नव्हता. घेणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र पडतं आणि केळं कसं व किती उंचीवर लावायचं याच्या सूचना मिळतात. केळं ज्याने त्याने ताजं आणायचं. कोणी स्वतःच्या पैशाने असलं प्रमाणपत्र घेत असेल तर त्याला अडवायचा मला अधिकार नाही.

पण लिलावातलं ते केळं त्याच दिवशी सकाळी लिलावगृहाबाहेरच्या फळांच्या गाडीवरून ३५ सेंटला आणलेलं होतं. गाडीवर होता चौऱ्याहत्तर वर्षांचा, बांगलादेशातून आलेला एक विक्रेता. गाडी त्याची नव्हे. ताशी बारा डॉलरवर, बारा-बारा तास तो तिथे उभा असायचा. आपण विकलेल्या केळ्याचं पुढे काय झालं हे न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराने सांगितलं तेव्हा त्याला रडू आलं. संताप यायचाच असेल तर इथे यावा. पण तो संताप कलेवर काढून उपयोग नाही, कारण त्या दिवशी आत रेम्ब्रांटचं चित्र विकलं गेलं असतं तरी बाहेर त्या माणसाचा रोज तोच राहिला असता. हा मजुरीचा प्रश्न आहे आणि तो मजुरीचा म्हणूनच लढवायला हवा.

खासगी पैसा नेहमी खासगीच राहतो असंही नाही. ‘कॉमेडियन’ची एक प्रत २०२० मध्ये नाव जाहीर न करणाऱ्या एका दात्याने गुगेनहाइम संग्रहालयाला भेट दिली. अमेरिकेत संग्रहालयांना दिलेल्या देणग्यांवर प्राप्तिकरात सवलत मिळू शकते. जिथे कर सोडला जातो तिथे करदात्याचा संबंध आलाच, आणि तिथून पुढे त्याला प्रश्न विचारायचा हक्कही आला.

२. टेटच्या विटांकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

लंडनच्या टेट गॅलरीने १९७२ साली अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेची ‘इक्विव्हॅलंट एट’ ही कृती विकत घेतली. भट्टीच्या आतल्या अंगाला लावतात तसल्या फिक्या रंगाच्या १२० विटा. साठ-साठ विटांचे दोन थर, एका बाजूने सहा, दुसऱ्या बाजूने दहा. मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. उंची घोट्याच्या जेमतेम वर, लांबी सव्वादोन मीटरच्या थोडी पुढे. १९७४ आणि १९७५ मध्ये त्या दालनात मांडल्या गेल्या, तेव्हा कोणी ब्रही काढला नाही. मग १५ फेब्रुवारी १९७६ च्या ‘संडे टाइम्स’मध्ये टेटच्या खरेदीवर लेख आला, सोबत विटांचं छायाचित्र. दुसऱ्याच दिवशी ‘डेली मिरर’ने पहिल्या पानावर झोड उठवली. महागाई आणि बेकारीने ब्रिटन हैराण झालेला, पाउंड घसरत चाललेला. त्याच वर्षी त्या देशाला नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. अशात लोकांच्या पैशाने विटा घेतल्या म्हटल्यावर डोकी भडकणारच. थोड्याच दिवसांत एकाने दालनात शिरून विटांवर निळा रंग ओतला आणि त्या साफसफाईसाठी हलवाव्या लागल्या.

टेट किमतीबद्दल गप्प राहिली, आणि लोकांनी मनाला येतील ते आकडे धरले. प्रत्यक्षात २,२९७ पाउंड मोजले होते. संग्रहालयाच्या मानाने ही रक्कम काही फार नव्हे. ती पहिल्याच दिवशी सांगितली असती तर निम्मा गदारोळ झालाच नसता.

त्याहून मोठी चूक विटा न समजावण्याची. आंद्रेने १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये अशा आठ रचना एकत्र मांडल्या होत्या. प्रत्येकीत १२० विटा, प्रत्येकीत दोन थर, म्हणजे आकारमान सगळ्यांचं सारखं. लांबी-रुंदी मात्र प्रत्येकीची निराळी. लांबट रास जास्त विटांची वाटते, आटोपशीर रास कमी विटांची. डोळा फसतो आणि मोजणी त्याला दुरुस्त करते. खपल्या नाहीत म्हणून त्या वेळच्या विटा परत गेल्या आणि १९६९ मध्ये दुसऱ्या विटा घेऊन रचना पुन्हा उभ्या केल्या. म्हणजे कृती मांडणीत आहे, विटांच्या मालकीत नाही. हा शिल्पकार साठच्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं रेल्वेच्या मालगाड्यांवर कामाला होता. एकसारखे डबे जोडायचे, सोडायचे, पुन्हा जोडायचे, हे त्याचं रोजचं काम. टेटकडे आठांतली एकच रचना होती आणि वर्तमानपत्रात तिचं एकटीचं छायाचित्र आलं. बघणाऱ्याला विटांपलीकडे काय दिसणार? हे सगळं अर्ध्या पानात सांगता येतं. टेटच्या रिचर्ड मॉर्फेट यांनी सविस्तर समर्थन लिहिलंही, पण नोव्हेंबरमध्ये आणि तेही ‘बर्लिंग्टन मॅगझीन’ या कला-इतिहासाच्या मासिकात. मिररच्या वाचकांपर्यंत ते पोचायची सुतराम शक्यता नव्हती.

हे वाचूनही कोणाला ती रास आवडली नाही तर माझं काही म्हणणं नाही. मला ती आवडते. पण आवडण्या-नावडण्याआधी समजून घ्यायची संधी मिळायला हवी, आणि ती देणं हे पैसे खर्च करणाऱ्याचं काम आहे.

३. ‘हे तर आमचं पोरही करील’ हा मुद्दा सोडून द्या.

पोर करीलही. हाताचं कसब ही कलेची एक कसोटी आहे, एकमेव नाही. मार्सेल दुशांने १९१७ साली मुतारीचं भांडं सही करून प्रदर्शनाला पाठवलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तोच आक्षेप आजही नव्याने घेतल्यासारखा घेणं आळसाचं आहे. मात्र ‘दुशांपासून हे चालत आलंय’ एवढंच सांगून कृतीला पास करणंही तितकंच आळसाचं. दुशां पहिला होता. आज तीच खोडी काढणाऱ्याने तिच्यातून नवं काय हाती लागतं ते दाखवावं. कॅटेलानच्या केळ्यात मला ते फारसं दिसत नाही. सार्वजनिक पैशाने ते घ्यायचा प्रस्ताव असता तर मी विरोधात बोललो असतो.

४. किंमत लपवू नका, आणि वाढली म्हणून मिरवूही नका.

ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्ये जॅक्सन पोलॉकचं ‘ब्लू पोल्स’ हे चित्र १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं. ते अमूर्त चित्र, संकल्पनात्मक कला नव्हे, पण वाद अगदी याच वळणाचा. कॅनबेऱ्याच्या नियोजित राष्ट्रीय कलादालनाच्या संचालकाला दहा लाखांपुढची खरेदी स्वतःच्या अधिकारात करता येत नव्हती, म्हणून फाइल पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे गेली. त्यांनी मंजुरी दिली आणि किंमतही जाहीर करायला लावली. देशभर गहजब झाला. व्हिटलम यांनी तेच चित्र त्या वर्षीच्या आपल्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापलं. निर्णय घेणाऱ्याने असं समोर उभं राहायला हवं. टेटला हे जमलं नाही.

आज त्या चित्राची किंमत शेकडो पटींनी वाढल्याचं सांगतात आणि बचाव करणारे हाच आकडा तोंडावर फेकतात. मला हा बचाव मान्य नाही. संग्रहालय ते विकणार नसेल तर वाढलेल्या किमतीचं लोकांना काय? आणि ज्या कृतींची किंमत पडली त्या चुकून घेतल्या असं म्हणायचं का? खरेदी योग्य होती की नाही हे ती बघायला येणाऱ्यांना काय मिळालं यावरून ठरवावं.

५. चौक म्हणजे कलादालन नव्हे.

दालनात माणूस आपल्या पायाने जातो. चौकातून त्याला जावंच लागतं. न्यूयॉर्कमधल्या सरकारी कचेऱ्यांसमोरच्या फेडरल प्लाझामध्ये १९८१ साली रिचर्ड सेराचं ‘टिल्टेड आर्क’ उभं राहिलं: गंजू दिलेल्या पोलादाची १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली वक्र भिंत, सरकारी पैशाने बसवलेली. तिथे रोज कामाला येणाऱ्यांना तिला वळसा घालून जावं लागे. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले. १२२ ठेवा म्हणाले, ५८ काढा म्हणाले. तरी समितीने काढायच्या बाजूने कौल दिला. सेरा कोर्टात गेला, हरला, आणि मार्च १९८९ मध्ये रात्रीतून भिंत कापून नेली.

या प्रकरणात मला दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणून ते जास्त बोचतं. कचेरीतल्या माणसांना आधी कोणी विचारलं नव्हतं, ही त्यांची तक्रार रास्त. आणि त्याच जागेसाठी घडवलेलं शिल्प तिथून हलवणं म्हणजे ते नष्ट करणं, हे सेराचं म्हणणंही रास्त. सुनावणी चार वर्षं उशिरा झाली, सगळा घोटाळा तिथे आहे. रस्त्यावर, चौकात काही उभारायचं तर जे रोज तिथून जातात त्यांना आराखडा आधी दाखवा. मतदान नको, पण ऐका, आणि ऐकून काय बदललं किंवा का नाही बदललं, ते सांगा.

६. डिवचणाऱ्या कलेला करार चुकत नाही.

डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गच्या कुन्स्टन संग्रहालयाने २०२१ मध्ये येन्स होनिंग या कलावंताला पाच लाखांहून जास्त क्रोनर रोख दिले. त्याने आपल्या दोन जुन्या कृती पुन्हा कराव्यात, म्हणजे वर्षाची सरासरी मिळकत दाखवणाऱ्या नोटा चौकटीत लावाव्यात, असं ठरलं होतं. त्याने दोन कोऱ्या चौकटी पाठवल्या. नाव दिलं, पैसे घ्या आणि पळा. विषय कामाच्या मोबदल्याचा होता, तेव्हा खोडी विषयाला धरून होती. संग्रहालयाने त्या चौकटी प्रदर्शनात मांडल्या आणि प्रदर्शन संपल्यावर पैसे मागितले. त्याने दिले नाहीत. २०२३ मध्ये न्यायालयाने मानधन वगैरे वजा करून चार लाख ब्याण्णव हजारांवर क्रोनर परत करायला सांगितले. कृती दालनात राहिली, पैशांचा निवाडा कोर्टात झाला. इतकं सरळ वागलेली संस्था मला दुसरी आठवत नाही.

७. निवडतं कोण, हा प्रश्न मुंबईतही विचारला गेला आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. उद्घाटनाच्या वेळी अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती उरलेली नाही आणि निर्णय दिल्लीहून होणार, यावर त्यांनी बोट ठेवलं. त्यांना पुन्हा पुन्हा मध्येच थांबवण्यात आलं आणि त्यांनी भाषण आटोपतं घेतलं. ‘आज बरवेंबद्दलच बोला’ असा त्यांना टोकणाऱ्यांचा रोख होता. पण कोणाची चित्रं त्या भिंतींवर लागणार हे कोण ठरवतं, हा प्रश्न बरवेंच्याच प्रदर्शनात गैर कसा? बरवे आयुष्यभर किल्ली, घड्याळ, पान असल्या साध्या वस्तू चितारत राहिले. पहिल्या भेटीत उलगडतील अशी ती चित्रं नव्हेत. तरी त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ लिहून आपली निर्मितीप्रक्रिया मराठीत उलगडून ठेवली. अवघड कला सामान्य वाचकाला मराठीत सांगता येत नाही, ही सबब त्या पुस्तकानंतर कोणी देऊ नये.

८. मग मागणी काय?

महाराष्ट्रात सार्वजनिक पैशाने जी कलाकृती घेतली जाईल, तिची किंमत खरेदीच्या दिवशीच जाहीर व्हावी. निवडसमितीतल्यांची नावं आणि मुदत लोकांना माहीत असावी; कोणी विरोधात मत दिलं असेल तर त्याचं कारणही नोंदलं जावं. कृतीशेजारी मराठीत अर्धं पान टिपण असावं, आणि ते समितीने लिहावं, जाहिरातवाल्याने नव्हे. कृती मागे घ्यायची की नाही हे पोलीस चौकीत ठरू नये. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातल्या चित्रांवरून अकबर पदमसी यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. दुखावलेल्यांनी जरूर बोलावं, लिहावं, दाराशी फलक घेऊन उभं राहावं. निळा रंग ओतू नये. आणि प्रत्येक खरेदीनंतर एका संध्याकाळी समितीतल्या एकाने तरी त्या कृतीपाशी उभं राहून, निमंत्रणपत्रिकेशिवाय येईल त्याच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं द्यावीत.