रोजमेळ मनाचाही लिहावा

कापडाच्या धंद्यात काळजी ही बिनभांडवली भागीदार आहे. नफ्यात तिचा वाटा नसतो, पण गल्ल्यावर ती रोज हजर असते. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. ग्रे कापड मागावरून उतरून प्रोसेसला जाते, तेथून पेठेत येते. पैसा मात्र उलट्या वाटेने रखडत परततो. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी या तिन्ही धक्क्यांतून आपली पेठ गेली. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात. व्यापाऱ्याच्या डोक्यातला माग मात्र त्या दिवशीही खडखडत असतो.

यावर आपले बांधव काय करतात? कोणी तंबाखूची पुडी सोडतो, कोणी डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी घेतो, कोणी तावीज आणून गल्ल्यात ठेवतो. ज्याच्या गल्ल्यात तावीज आहे, त्याची खतावणी कित्येकदा महिनोन्‌महिने उघडलेली नसते. खरा इलाज तेथेच दडलेला असतो.

इमाम ग़ज़ाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’ या ग्रंथात मुराकबा आणि मुहासबा, म्हणजे मनावरची नजर आणि मनाचा हिशेब, यांवर स्वतंत्र भाग लिहिला आहे. त्यांनी दृष्टान्त घेतला तो व्यापाराचाच. नफ्स हा आपला भागीदार, आयुष्य हे भांडवल. सकाळी भागीदाराशी अटी ठरवा, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवा आणि रात्री हिशेब घ्या. आपल्या व्यापाऱ्याला यापेक्षा सोपी भाषा कोणती हवी?

इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे पुरेत. फोन दूर ठेवून शांत बसावे, श्वास संथ होऊ द्यावा, अल्लाहचे स्मरण करावे. मग वहीत दोन रकाने आखावेत. जे आपल्या हाती नाही ते एका बाजूस: कापसाचा भाव, सरकारी धोरण, पाऊस. जे हाती आहे ते दुसऱ्या बाजूस: कोणाकडे वसुलीला जायचे, कोणता माल थोड्या तोट्यात काढायचा, कोणाला खरे सांगून मुदत मागायची. आकडा न घातलेली भीती नेहमी मोठी दिसते. आकडा घातला की ती आपल्या मापाची होते. पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याविषयी आहे, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

काही जण म्हणतात, आम्ही हिशेबावर नाही, मनाच्या कौलावर चालतो. जुना व्यापारी तागा चिमटीत धरून सूत ओळखतो. ती करामत नव्हे, तीस वर्षांची मेहनत बोटांत उतरलेली असते. पण घाबरलेले मनही कौल देते आणि लोभी मनही देते. एक माल मातीमोल विकायला लावते, दुसरे चढ्या भावाने घ्यायला लावते. म्हणून कौल एक रात्र झोपू द्यावा. सकाळीही तोच राहिला आणि खतावणीनेही होकार दिला, तर मानावा.

इस्तिखाऱ्याचेही असेच आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या बुखारीतील हदीसमध्ये दोन रकात नमाज आणि दुआ शिकविली आहे, स्वप्नाची वाट पाहण्याचा त्यात उल्लेख नाही. पार्टीची पत दलालाला आणि चार जाणत्यांना विचारून पाहणे हा मशवरा आहे. तो टाळण्यासाठी इस्तिखारा नाही.

आता कडू गोष्ट. रात्रीचा हिशेब प्रामाणिक असेल तर त्यात आणखी एक प्रश्न येईलच: माझ्यामुळे कोणाची झोप उडाली आहे? मागवाल्याचे पैसे तीन-तीन महिने अडकवून मुराकब्यात शांती शोधणे व्यर्थ आहे. ऐपत असून देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. २००६ च्या लघुउद्योगांसंबंधीच्या कायद्यानेही नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन घातले आहे. आपण पैसे अडवले की मागवाला सूतवाल्याचे अडवतो आणि कामगाराची मजुरी लांबते. पेठेतील निम्मी काळजी आपणच एकमेकांच्या नावे लिहीत असतो. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. भागीदाराने कापडातील दोष न सांगता माल विकला, तेव्हा त्यांनी आलेली सारी रक्कम दान केली, असे सांगितले जाते. मनाची शांती अशा हिशेबातून येते.

हे सारे करूनही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. आजार हा ईमानचा कमकुवतपणा नाही आणि उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

व्यापारी बांधवांनो, दुकानाचा रोजमेळ आपण एक दिवसही चुकवत नाही. मनाचाही तसाच लिहू या. आणि त्यात कोणाचे देणे निघाले, तर उद्या दुकान उघडताच पहिले ते फेडू या.