‘एच’ म्हणजे काय रे भाऊ?

सुट्टीहून परतणाऱ्या मंडळींच्या बॅगांत भाजणी, मेतकूट आणि कुरडयांच्या जोडीला हल्ली ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची सहा महिन्यांची बेगमीही असते. चाळिशी उलटली की हे ओघानेच येतं. आम्ही अलीकडे एक आगाऊपणा करतो. कुणाकडे चहाला गेलो की, "जरा तुमची गोळी दाखवा बघू," म्हणतो. लोक हसतात, पण दाखवतात. नावाच्या शेवटी ‘एच’ असलं की आम्ही विचारतो, "हा ‘एच’ कशाचा?" यावर ‘हाय ब्लडप्रेशरचा’पासून ‘हार्टचा’पर्यंत सर्व उत्तरं मिळालेली आहेत. बरोबर उत्तर मात्र क्वचितच मिळतं.

हा ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, साध्या भाषेत लघवीवाटे मीठ आणि पाणी काढणारं औषध. टेल्मा-एचमध्ये टेल्मिसार्टनच्या सोबतीला ते असतं. इकडच्या फार्मसीत मिळणाऱ्या को-डायोव्हानमधला ‘को’ आणि मायकार्डिस प्लसमधला ‘प्लस’ म्हणजे तेच. ‘सीटी’ असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन, म्हणजे त्याच कुळातलं दुसरं औषध. आणि नॅट्रिलिक्समधलं इंडापामाइड तर नावात काहीच सांगत नाही. तेव्हा अक्षरांवर विसंबू नये, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचावीत. आपण लघवीची गोळी घेतो आहोत हेच ठाऊक नसेल, तर अबुधाबीच्या उन्हाळ्यात ती जपून कशी घेणार?

आम्ही डॉक्टर नाही, इंजिनियर आहोत. त्यामुळे हे प्रकरण आम्हाला पंप आणि पाइपच्या भाषेतच कळतं. आपल्या तवीलाचा प्रकल्प दिवसाला सुमारे नऊ लाख घनमीटर समुद्राचं पाणी गोडं करतो याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण मूठभर आकाराची आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत रक्तात घेतात. हा परतावा होतो तो मुख्यतः मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या मागून. मीठ जाईल तिकडे पाणी जातं. गोळी मिठाच्या परतीच्या वाटेवरचा एक व्हॉल्व्ह थोडा बंद करते, इतकंच. सुरुवातीला पाइपातलं पाणी कमी होऊन दाब उतरतो, काही आठवड्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात. वर लोणचं-पापडाचा मारा चालू ठेवला तर गोळी बिचारी एकीकडून काढते आणि आपण दुसरीकडून भरतो.

औषध जुनं आहे म्हणून नाक मुरडू नये. १९१९ साली व्हिएन्नात सिफिलिससाठी दिलेल्या पाऱ्याच्या इंजेक्शनाने लघवी भरपूर होते, हे एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आलं. पुढे चाळीसेक वर्षं सूज उतरवायला पाराच टोचत. १९५८ साली क्लोरोथायझाइड बाजारात आलं तेव्हा कुठे ही कटकट सुटली. २००२ साली अमेरिकेत तेहतीस हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात क्लोरथॅलिडोन महागड्या नव्या औषधांपुढे कुठेही कमी पडलं नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्याने बंद असतं. पण मुसाफाच्या साइटवर सकाळी दहालाही शर्ट पिळावा लागतो. घाम मीठ-पाणी नेतो, गोळीही तेच नेते. मग उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्यांत गोळे येतात. पुण्याच्या डॉक्टरांनी डिसेंबरात ठरवलेला डोस पुण्याच्या हवेतला असतो. "मी ऑगस्टमध्ये दिवसभर साइटवर असतो," हे वाक्य त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगावं. डोस कमी करायचा की गोळी बदलायची ते त्यांना ठरवू द्यावं. चक्कर आली म्हणून परस्पर गोळी बंद करणारे वीर आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना चार दिवस छान वाटतं, आणि दाब मागच्या दाराने परत येतो.

सर्वांत जास्त जपायचं ते सुट्टीत इकडे येणाऱ्या आई-वडिलांना. आमच्या परिचयाच्या एका घरी साताऱ्याहून आई आल्या, वय पंचाहत्तर. जूनचा महिना. लेक आणि सून दर तासाला, "आई, पाणी प्या, इथलं ऊन फार वाईट," म्हणून तांब्या पुढे करत. आई आज्ञाधारकपणे पीत. हवापालटाने जेवण मात्र दोन घासांवर आलेलं. आठवड्याभरात त्या सुस्तावल्या, मग नातवाला दिराच्या नावाने हाका मारू लागल्या. घरच्यांना वाटलं प्रवासाचा शीण, वयोमान. सुनेने हट्टाने इमर्जन्सीत नेलं तेव्हा रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेलं निघालं. कारण ब्लडप्रेशरच्या गोळीतलं हेच औषध, वर नुसतं पाणी आणि पोटात अन्न नाही. चार दिवसांत त्या ठीक झाल्या, गोळी बदलली. उपाय काढायला एक रक्ततपासणी पुरली, पण ती वेळेवर झाली म्हणून. वृद्ध माणूस अचानक गोंधळला, तोल जाऊन पडला, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नये. आणि घरच्या घरी मीठ चारण्याचा उद्योगही करू नये. सोडियम किती वेगाने भरायचं यालाही हिशोब असतो.

तिथे आणखी एक अडचण आली. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी औषधं विचारली, तर उत्तर आलं, "एक पांढरी आणि एक गुलाबी." २०१९ पासून अबुधाबीत ‘मलफ्फी’ आहे, म्हणजे एका हॉस्पिटलातले कागद दुसऱ्याला दिसतात. पण साताऱ्याच्या मेडिकलमधून आणलेली स्ट्रिप त्यात कशी दिसणार? तेव्हा ज्येष्ठांची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणावीत आणि चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवावा.

सुजेचा मामला थोडा वेगळा. विमानातून उतरल्यावर पाय सुजले म्हणून शेजाऱ्याची लॅसिक्स मागून घेणारे लोक आहेत. अहो, ते हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात साठलेलं पाणी काढण्याचं जोरदार औषध! तासाभरात काम सुरू करतं आणि सहाएक तास चालतं, नावातला ‘सिक्स’ त्यावरूनच आला म्हणतात. ते घेऊन जो दुबईच्या रस्त्याला लागला त्याची अवस्था आम्ही वर्णन करत नाही. ॲम्लोडिपिनने घोट्यांना येणाऱ्या सुजेवर लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, तिथे मूळ गोळीचाच विचार करावा लागतो. ज्यांना हृदयासाठी लॅसिक्स खरोखर दिलेली आहे त्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते तुपाचं नव्हे, पाण्याचं. डॉक्टरांना फोन करावा. त्यांना पाणी किती प्यायचं याचंही माप दिलेलं असतं, आणि उन्हाळ्यात ते पुन्हा विचारून घ्यावं.

पोटॅशियमची गंमत अशी की थायझाइड आणि लॅसिक्स ते घालवतात, तर स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टनसारखी औषधं ते साठवतात. त्यामुळे एकाला पथ्यकर असलेलं शहाळं दुसऱ्याला महागात पडू शकतं. ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियमच असतं. कुणाच्या सल्ल्यापेक्षा सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी बरी. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही आठवड्यांत एकदा, पुढे डॉक्टर सांगतील तशी.

गोळी शक्यतो सकाळी घ्यावी. रात्री घेतली तर अंधारात बाथरूमच्या फेऱ्या, आणि पडण्याचे बरेच प्रसंग तिथलेच. निर्जळी एकादशी असो की सहकाऱ्यांबरोबर हौसेने धरलेला रोजा, आधी डॉक्टरांना विचारावं. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करून कुठली गोळी थांबवायची ते विचारावं. आणि गुडघा दुखतो म्हणून ब्रुफेन किंवा व्होव्हेरान आपल्या मनाने घेऊ नये. ‘सार्टन’, लघवीची गोळी आणि हे वेदनाशामक असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळला जातो, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं का, ते फार्मसीत आपल्या गोळ्या दाखवून विचारावं.