चेंडू चालतो, कप चालत नाही



साताऱ्यातली एक जुनी मॅच सांगतो. एकोणिसावं शतक संपत आलेलं. पुण्याच्या हिंदूंचा संघ साताऱ्याला आला. समोर गोऱ्या साहेबांचा जिमखाना. पुणेकरांकडचा एक डावखुरा पोरगा चेंडू वाटेल तसा वळवतो, ही खबर साहेबांना होती. म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरी पोरानं सात गडी काढले. पुणं जिंकलं.

पोराचं नाव पालवणकर बाळू. जन्म 1876, धारवाड. जात चांभार. पुण्यात पारशांच्या क्लबात झाडलोट करायचा, महिना तीन रुपये. 1892 मध्ये गोऱ्यांच्या क्लबात गेला, चार रुपये. खेळपट्टी लोटायची, जाळी बांधायची आणि सरावाला साहेबांपुढे चेंडू टाकत राहायचं. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. घाम बाळूचा, फटका साहेबाचा.

हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा हा पोरगा आठवला. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळे झेलायचे. चहाची सुट्टी झाली की बाळूचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात. चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता. काय शास्त्र आहे बघा!

त्याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी रामजी सुभेदारांचा भीवा इंग्रजी शाळेत दाखल झाला. बसायला घरून आणलेलं गोणपाट. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. नळ आणि कप एकाच घरातले.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूनं 114 बळी घेतले. हार पडले, सत्कार झाले. हिंदू संघाची कप्तानी मात्र कधीच मिळाली नाही. 1920 साली भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी हा अन्याय जाहीर मांडला आणि संघाबाहेर पडले. मग 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाला. मागून नाही मिळाली, भांडून मिळाली.

एक कडू गोष्टही लपवायची नाही. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं याच बाळूला बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. ज्यांनी कप दिला नाही त्यांनी तिकीट दिलं! बाळूला शिव्या देऊन आपण मोकळे होणार का? आपला मोठा माणूस आपल्याच माणसावर सोडायचा, हा डाव जुना आहे. आजही चालू आहे.

तेव्हा पोरांनो, तुमच्या गळ्यात हार पडेल त्या दिवशी जरा थांबा. विचारा, संघ कोण निवडतो? कप्तान कोण ठरवतो? आणि चहा कुठल्या कपात येतो?

जय भीम!