मरियमच्या दारातल्या आमच्या बायका

वडाळ्याला लागून, माटुंग्यात डॉन बॉस्कोच्या आवारात मरियमचं तीर्थस्थान आहे. सेलेशियन धर्मगुरूंनी उभारलेलं हे देऊळ १९५७ पासून तिथे आहे. तिथे फक्त ख्रिस्तीच येतात असं नाही. विठ्ठलमंदिराच्या वडाळ्यातून हिंदू येतात, शेख मिस्रींच्या दर्ग्याकडच्या वस्तीतून आमच्या बुरख्यातल्या बायकाही येतात. घटकाभर बाकावर बसतात, एखादी मेणबत्ती लावतात, डोळे पुसतात आणि घरी जातात.

या बायकांवर आमच्याकडे तोंडसुख घेणारे पुष्कळ आहेत. कोणी म्हणतं हा शिर्क आहे. कोणी म्हणतं, आज मेणबत्ती, उद्या बाप्तिस्मा. एखादा वाचलेला माणूस तर इतिहासच काढतो. या मरियमचं बिरूद ‘ख्रिस्ती जनांची साहाय्यकर्ती’. वडाळ्याच्या ऑक्झिलियम शाळेच्या लॅटिन नावातही तेच आहे. १५७१ मध्ये लेपांतोच्या समुद्रात उस्मानी तुर्कांचं आरमार बुडालं, तेव्हा पोप पाचव्या पायस यांनी हे बिरूद तिच्या प्रार्थनेत घातलं, असं ख्रिस्ती परंपरा सांगते. मग तुर्कांच्या पराभवाची आठवण असलेल्या दारात मुसलमान बाईने जायचं कशाला?

इतिहास ठीक आहे, पण तो त्या बाईला विचारून घडलेला नाही. तिचा नवरा आजारी आहे, मुलगी नांदत नाही, भाडं थकलं आहे. तिला लेपांतो ठाऊक नाही, मरियम ठाऊक आहे. कुरआनात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री, आणि एकोणिसावी सूरह तिच्याच नावाची. बाळंतवेणांत एकटी पडलेली, लोकांचे टोमणे झेलणारी मरियम आमच्या बायकांना कोणी नव्याने शिकवावी लागत नाही.

तौहीदचा मुद्दा मी टाळत नाही. अल्लाहखेरीज कोणाकडे मागणं मागणं इस्लामच्या चौकटीत बसत नाही, हे खरंच आहे. पण हे सांगणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. रडायला, दोन घटका गप्प बसायला तुम्ही तिला कुठली जागा ठेवली आहे?

हाजी अलीच्या दर्ग्यात बायकांना मजारीजवळ जायला बंदी झाली, तेव्हा ती उठवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. निकाल २६ ऑगस्ट २०१६ रोजी लागला, तरी बायका आत गेल्या त्या नोव्हेंबरअखेर. मशिदींचं तर विचारूच नका. पुण्याच्या एका दांपत्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने लिहून दिलं की मशिदीत यायला बायकांना धर्माची मनाई नाही. प्रेषितांच्या मदिनेतल्या मशिदीत बायका नमाजाला येत होत्याच. म्हणजे मनाई धर्माची नाही, आपली आहे. बहुतेक मोहल्ल्यांत वुजूची जागा पुरुषांची, सफ पुरुषांची आणि विश्वस्तही पुरुषच. बाईच्या वाट्याला येतो तो घरातल्या भोंग्यावर ऐकू येणारा बयान, आणि त्यातही पुष्कळदा तिलाच बोल.

डॉन बॉस्कोच्या दारात तिला कोणी नाव विचारत नाही, धर्म विचारत नाही, नवरा कुठे आहे असंही विचारत नाही. बाक आहे, पंखा आहे, आणि ‘बाई, उठा’ म्हणणारा कोणी नाही. याला धर्मांतर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी याला आदब म्हणतो.

तेव्हा तिला फतवा सुनावण्याआधी आपल्या मशिदीत बायकांसाठी एक दालन उघडा. स्वतंत्र दार, वुजूचे दोन नळ, एक सतरंजी. खर्च एका जलशाच्या मंडपाहून कमीच येईल. तेवढं झाल्यावरही ती डॉन बॉस्कोकडे वळली तर मग तिच्याशी तौहीदवर जरूर बोला. तोवर तिला निवांत बसू द्या.