किडीचा मासा, नासलेलं पाणी?

मरळ साफ करताना मांसात पिवळसर दाण्यांसारख्या गाठी दिसल्या, की मासा उकिरड्यावर जातो आणि नदी नासल्याचा बोभाटा होतो. हा निवाडा चुकीचा आहे.

ती गाठ सुरीच्या टोकानं फोडून पाहा. आतून चपटी, सावकाश वळवळणारी अळी बाहेर येते. क्लिनोस्टोमम गटातली. तिचा जीवनक्रम पाणगोगलगायीत सुरू होतो, पुढचा टप्पा माशात, आणि ती अंडी घालते ती माशाला गिळणाऱ्या बगळ्याच्या तोंडात-घशात. गोगलगाय, मासा, बगळा यांतलं एक जरी नाहीसं झालं, तरी हा कृमी संपला. म्हणजे त्या गाठीनं अख्ख्या जलाशयाची साखळी शाबूत असल्याची साक्ष दिली. एवढ्यावरून पाणी शुद्ध ठरत नाही, हे मान्य. काही गोगलगायी घाणीतही तगतात. म्हणून तर एक कृमी पाहून भागत नाही, किती जातींचे आहेत ते पाहावं लागतं.

परजीवी मासे मारतात, हा आक्षेप खोटा नाही. दाटीवाटीच्या शेततळ्यात माशांवरची ऊ, म्हणजे अर्गुलस, उत्पादकाला बुडवते. पण तिथे एकाच जातीचा सुळसुळाट असतो. सांडपाण्यानं भरलेल्या पाण्यातही कल्ल्यांवर ट्रायकोडायनासारखे एकपेशीय जीव माजतात आणि तीन-तीन यजमान लागणारे कृमी मागे पडतात. तिथे वैविध्य आटलेलं असतं.

परजीवींना सरसकट दोष देणाऱ्यांना नॉर्वेचं उदाहरण आवडतं. 1970 च्या दशकात गायरोडॅक्टिलस सॅलॅरिस या सूक्ष्म कृमीनं तिथल्या नद्यांतले सॅमन उद्ध्वस्त केले. पण तो कृमी बाल्टिकच्या सॅमनवर पूर्वापार होता आणि त्या माशांना त्याची सवय होती. माणसानं जिवंत मासे इकडून तिकडे नेले, तेव्हा तो घातक ठरला. दोष वाहतुकीचा आहे.

जर्मनीतल्या रुर नदीत तर काटेरी सोंडेच्या एका कृमीच्या अंगात, तो ज्या माशाच्या आतड्यात राहतो त्याच्या मांसापेक्षा दोन हजार पटींहून जास्त शिसं सापडलं. पाण्यातलं विष इतक्या ठळकपणे दाखवणारा साक्षीदार आपण आतड्यासकट फेकून देतो!

जायकवाडी-उजनीवर बगळे मोजायला उत्साही मंडळी जमतात, हे चांगलंच आहे. तसंच मासे तपासताना कल्ले, यकृत, आतडी टाकून न देता जपून ठेवावीत आणि त्यांतल्या प्रत्येक कृमीची जात जलाशयाच्या जैवविविधतेच्या नोंदवहीत माशाच्या नावाशेजारी लिहावी.