सैनिकाची बायको

आपल्याकडच्या अनेक गावांत १९१४ ते १९१८च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. गावातून किती जण गेले, किती परतले नाहीत, एवढे दोन आकडे त्यावर. नाव एकाचेही नाही. त्या युद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. तिथे गेलेल्या पणजोबांचा शोध घेताना युद्धकबरींच्या नोंदवहीत नंबर, पलटण, बापाचे नाव, गाव, जिल्हा मिळतो. क्वचित पत्नीचे नावही.

पण लग्न? ते कुठे लागले, केव्हा लागले? तेव्हा खेड्यात लग्नाची सरकारी नोंद करायची रीतच नव्हती. त्यात सासरी आल्यावर नवरीचे नाव बदलायचे. पेन्शनच्या कागदावर दिसते ते सासरचे नाव. माहेरची मुलगी तिथेच हरवते. मला हे फार लागते. ज्या बाईने वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिचे मूळ नाव घरात कुणाला ठाऊक नसावे!

वाट अगदीच बंद नाही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहा. अस्थी घेऊन गेलेल्यांनी तिथे कुळाची नावे लिहवून ठेवली आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी समाजाचे लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात. तिच्या माहेरच्या गावीही जा. तिथे ती अजून कुणाची तरी आत्या असते.

घरात नव्वदीच्या आजी असतील, तर कागदांआधी त्यांच्याजवळ बसा. याच दिवाळीत बसा.